अळवाच्या वाफ्यातलं कढत पाणी

माई,

पत्राच्या वर तीर्थस्वरूप आणि साष्टांग नमस्कार लिहायची रीत मला ठाऊक आहे. आज लिहीत नाही. तुम्ही जिवंत असताना पुष्कळ वाकून झालं.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मी तुमच्यासाठी एकदाही धड रडले नाही, हेही एकदाचं सांगून टाकते. वर्षश्राद्धापर्यंत तुमचं नावही काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज ऋषीपंचमी. सकाळी शेजारच्या कमलाजी तुपाचा एक जुना डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी जे सांगितलं त्यानंतर मला गप्प बसवत नाही. भांडायला तुम्ही नाही आहात, म्हणून कागद घेतला.

सुरुवातीपासूनच भांडते.

यांची बदली जयपूरला झाली तेव्हा तुम्ही गुहागरहून आमच्याकडे राहायला आलात. ट्रंक हमालाच्या डोक्यावर होती, पण एक ओलं फडकं तुम्ही स्वतःच्या मांडीवर धरून आणलं होतं. मला वाटलं देव असतील. निघाले अळवाचे गड्डे! दोन दिवस दोन रात्री गाडीत तुम्ही त्यांच्यावर पाणी शिंपडत आलात. मी पाया पडले तर तुम्ही म्हणालात, आधी फावडं दे.

मला हसूच आलं होतं. या वाळूत, या लूच्या झळांत अळू? नळाला दिवसातून दोनदा पाणी, तेही करंगळीएवढं. पण मोरीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं तुम्ही वाफा केलात, शेणखत घातलंत, उन्हाच्या बाजूला बांबूचा तट्ट्या बांधलात. श्रावणात काळ्या देठाची, सुपाएवढी पानं डोलायला लागली. सरकारी क्वार्टरांतली माणसं बघायला यायची. तुमच्या हाताला गुण होता. हे मी तेव्हाही मान्य करत होते, फक्त तुमच्यासमोर नाही.

आणि तुमचं ते आभार मानणं!

पान खुडायच्या आधी तुम्ही अळवाला म्हणायचात, "घेते हं बाई." जेवायला बसताना अन्नाला हात जोडायचात. शेगडी विझली की शेगडीला नमस्कार. पहिली तोंडली लागली तेव्हा वेलाला हळदकुंकू वाहिलंत. दूधवाल्या भैयाला "तेरा भला होवे" असा रोजचा आशीर्वाद. चीनच्या लढाईच्या वर्षी तर कधी न पाहिलेल्या जवानांसाठी डोळे अधू असताना तीन स्वेटर विणलेत, आणि म्हणालात की त्यांचे उपकार कसे फिटायचे.

माई, मी काय शेगडीपुढे कमी उभी राहिले होते हो या घरात? अकरा वर्षं! एकदाही "बरं झालंय" म्हणाला नाहीत. मी सोलापूरकडची, म्हणजे तुमच्या लेखी घाटावरची अडाणी. भाजीत दाण्याचं कूट दिसलं की तुम्ही ताटातल्या ताटात ते बोटानं बाजूला सारायचात, मला दिसेल असं. एकदा मोठ्या हौसेनं तुमच्यासाठी इथल्या बगरू गावच्या छाप्याची चादर आणली. गेरूच्या रंगाची बारीक फुलं होती तिच्यावर. तुम्ही ती गच्चीवर पसरलीत आणि तिच्यावर सांडगे घातलेत. वर म्हणालात, कापड जाड आहे, कामाला आलं.

तरी मी सोसलं. सोसणं हेच सुनेचं काम असं आईनं शिकवून पाठवलं होतं. ते अळवाच्या भाजीपर्यंत टिकलं.

मागच्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. इथल्या मराठी मंडळींची चौदा पानं आपल्याकडे जेवायला होती. अळवाची पातळ भाजी करायची ठरली. पाऊस लवकर झाला होता, वाफा भरून आला होता. पानं तुम्ही खुडलीत, एकेका पानाला विचारून. पण चिरली मी. चाळीस पानं आणि त्यांचे देठ. हाताला तेल लावायचं राहून गेलं आणि कोपरापर्यंत आग आग झाली. डाळ, दाणे, खोबऱ्याचे काप, चिंच, गूळ सगळं माझ्या हातचं. मंडळींनी वाट्यावर वाट्या घेतल्या. दातेकाकू म्हणाल्या, "मालती, अशी भाजी मी कोकणातसुद्धा खाल्ली नाही हो."

आणि तुम्ही, वाढता वाढता, हसून म्हणालात, "तिचं काय त्यात? पानंच गुणी. कुणीही केली असती तरी अशीच झाली असती."

सगळे हसले. हेही हसले. मी पदराखाली हात खाजवत उभी होते. पंगत उठल्यावर तुम्ही पातेल्याला नमस्कार केलात. पातेल्याला! मी शेजारीच होते, माई. पातेलं आणि मी यांच्यात वीतभर अंतर होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पूजेला बसलात तेव्हा मी बंबातलं उरलेलं कढत पाणी तांब्यानं काढलं आणि अळवाच्या मुळाशी ओतलं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. रागाच्या भरात एकदा घडलं असंही नाही. रोज ओतलं. तुमची घंटी वाजायला लागली की मी तांब्या घ्यायची. चांगलं वाटायचं. खोटं कशाला बोलू? त्या पाच मिनिटांत मला जितकं बरं वाटायचं तितकं दिवसभरात कधी वाटलं नाही. पानं आधी कडेनं पिवळी झाली, मग देठ लुळे पडले. पंधरा-वीस दिवसांत वाफा बसला.

तुम्ही मात्र रोज संध्याकाळी पायरीवर बसून तो वाफा उकरत राहिलात. राख घातलीत, ताक घातलंत. हे म्हणाले, आई, सोड ना, बाजारात अरबीची, म्हणजे अळवाचीच, पानं ढिगानं मिळतात. तुम्ही त्यांच्याकडे असं पाहिलंत की ते चप्पल घालून बाहेर पडले. कारण ऋषीपंचमी जवळ आली होती. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरलेल्या शेतातलं चालत नाही, हातानं लावलेलंच हवं. भेंडी, भोपळा, तांबडा माठ तुम्ही परसात लावलाच होता. पण अळवावाचून ती भाजी तुम्ही भाजी मानत नव्हता.

आठवतं ना? आठवत असणारच. मी बाकीच्या सगळ्या भाज्या घालून पातेलं शिजवलं आणि तुमच्यापुढे वाटी ठेवली. तुम्ही ती सरकवलीत. म्हणालात, मी आज पाण्यावर राहीन. त्र्याहत्तर वर्षांच्या म्हातारीनं दिवसभर नुसत्या पाण्यावर! मग तुम्ही मला समोर बसवलंत आणि सरळ विचारलंत, "मालती, का गेलं असेल गं अळू?"

मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "वय झालं, माई. हाताचा गुण जातो."

तुम्ही स्वतःच्या हातांकडे पाहिलंत. उलटे केलेत, सुलटे केलेत. म्हणालात, "असेल."

बस्स. त्यानंतर तुम्ही परसात पाऊल टाकलं नाहीत. तोंडलीचा वेल मी काढून टाकला तरी विचारलं नाहीत. पौषातल्या थंडीत छाती भरली आणि अंथरुणाला खिळलात. मी शेकलं, पुसलं, भरवलं. कमलाजी पाच मिनिटं येऊन बसल्या तर तुम्ही त्यांचा हात हातात घेऊन "बहुत किया" म्हणायचात. मला म्हणायचात, उशी सरळ कर. तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं तेच. उशी सरळ कर.

मी उशी सरळ केली आणि मनात म्हटलं, जा आता.

असं आपलं होतं. मी हिशेब मिटवून बसले होते. आणि आज सकाळी कमलाजी तो डबा घेऊन आल्या.

डब्यात मातीत रुजलेलं अळू होतं. काळ्या देठाचं, तुमचं. पाच-सहा पानं, तेल लावल्यासारखी तुकतुकीत. मी विचारलं, हे कुठून?

त्या म्हणाल्या, "माजी ने दिया था। पिछले साल, आषाढ़ में। दीवार के ऊपर से। बोलीं, छोटे-छोटे निकाल लाई हूँ, इधर नहीं बचेंगे, बहू गरम पानी डालती है।"

माई, मी दाराची चौकट धरली.

कमलाजींना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं, सुनेला बागकाम कळत नाही, चुकून घालत असेल. तुम्ही त्यांना तसंच वाटू दिलंत. त्या पुढं सांगत राहिल्या. गेल्या पंचमीला त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, माजी, पत्ते तोड़ दूँ? तुम्ही म्हणालात, इस साल नहीं. आणि त्यांना बजावून ठेवलंत की पुढच्या पंचमीला हे बहूला द्या, मी असले तरी आणि नसले तरी.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं. देवघराच्या खिडकीतून वाफ दिसली असणार. आणि घंटी तशीच वाजवत राहिलात? मी तांब्या घेऊन जायची तेव्हा तुम्ही आत बसून ऐकत होता? पिल्लं तेवढी उचलून नेलीत आणि मोठं अळू, तुमची ती "बाई", माझ्या हातून मरू दिलीत. नंतरची राख, ताक, उकरणं सगळं मला दाखवायला?

आणि तो उपास. भिंतीपलीकडे चार पावलांवर हातानं लावलेलं अळू डोलत होतं. एक शब्द टाकला असता तर वाटीत आलं असतं. तुम्ही उपाशी राहिलात आणि मला समोर बसवून विचारलंत, का गेलं असेल.

तुम्ही वाट बघत होता ना? मी कबूल करीन म्हणून?

एक शिवी दिली असतीत तर काय बिघडलं असतं? माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणायचं होतंत, ही बघा, ही जाळते. मी पाया पडले असते. नाहीतर उलट बोलले असते, चाळीस पानांचं, चादरीचं, पातेल्याचं सगळं काढलं असतं. काहीतरी झालं असतं! तुम्ही म्हणालात, "असेल." स्वतःच्या गुणी हातांकडे बघून, सगळं ठाऊक असताना, माझं खोटं तुम्ही आपल्या अंगावर घेतलंत आणि तसंच घेऊन गेलात. याला क्षमा म्हणायची की सूड? मी सकाळपासून विचार करतेय. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून क्षमा म्हणायला जीभ रेटत नाही. पण सूड घेणारी बाई पिल्लं कशाला वाचवते? आणि ती परत मलाच कशाला देते?

आपण दोघी एकाच माळेचे मणी होतो, माई. माहेर कोकणातलं असो की घाटावरचं.

कमलाजी जाताना म्हणाल्या, एक बात और कही थी माजी ने. मी म्हटलं, सांगा, आता काय राहिलंय.

"बोलीं, बहू से कहना, ठंडा पानी डाले।"

आज भाजी केली. खुडताना अळवाला काही म्हणणार नव्हते, पण तोंडातून गेलंच. हाताला तेल लावलं. हे जेवायला बसले. यांना यातलं काही माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. पहिला घास घेतला आणि थांबले. म्हणाले, आईच्या हातची झालीय.

मी म्हणाले, "माझं काय त्यात? पानंच गुणी. कुणीही केली असती तरी अशीच झाली असती."

बोलले आणि उठून मोरीकडे गेले. आठ महिन्यांत जे आलं नव्हतं ते तिथं आलं. तुमच्यासाठी आलं की माझ्यासाठी, ते विचारू नका.

माफी मागत नाही. तुम्हीही मागितली नव्हतीत. आभारही मानणार नाही, ते तुम्ही मला शिकवलं नाहीत. पण एवढं वचन देते. डब्यातले गड्डे मी पुन्हा त्याच वाफ्यात लावले आहेत. यांची पुढची बदली जिथं होईल तिथं ते ट्रंकेत जाणार नाहीत, माझ्या मांडीवर जातील. आणि रोज सकाळी पाणी मीच घालीन. आधी तांब्यात बोट बुडवून बघीन, गार आहे ना, आणि मगच घालीन.

तुमची सून,
मालती