एकाच पोटात जाऊ दे

४ जानेवारी, नांदेड

लातूर सोडून आज नांदेडकर झालो. टेम्पोतून सामान उतरवताना कपाटाचा एक पाय गेला, बाकी सगळं शाबूत. बायकोची, दीपमालाची, बँकेतून इथं बदली झाली. मोटार रिवाइंडिंगचं माझं लातूरचं दुकान आता माझ्यावाचूनही चालतं. म्हटलं, एक फांदी इथंही फुटू द्या. देवणीच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारी खांद्यावर वाहायचो मी. जे शिकलो ते कानानं शिकलो. लांब पेचकसाचं टोक चालत्या मोटारीला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. बेअरिंग गेलंय की आत खडा अडकलाय, सगळं ऐकू येतं. गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री, खोलून तर बघा. मी म्हणतो, ज्याला ऐकू येत न्हाई त्यानं खोलावं.

घर वजिराबादच्या मागच्या गल्लीत. वरचा मजला आमचा, खाली घरमालकीण गंगम्मा. साठीची बाई, एकटी, माहेर देगलूरकडचं. बोलता बोलता मधेच तेलुगू शब्द टाकते. आम्ही येणार म्हणून तिनं शिरा करून ठेवला होता. मला म्हणाली, जावईबापू, घर लई दिस मुकं हाय, आता जरा आवाज होऊ द्या. आवाजाचीच तर माझी रोजीरोटी.

ही वही का, तेही लिहून ठेवतो. दीपा तीन वर्षं पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होती. दुकान उभं राहू दे, मग बघू, हे म्हणणारा मीच. दसऱ्याला गोळ्या बंद केल्या. तेव्हापासून पाळीचा मेळ नाही. एकदा अडतीस दिवसांनी आली, एकदा त्याच्याही पुढं गेली. लातूरच्या डॉक्टरांनी तारखा लिहायला सांगितलं. दीपा म्हणाली, गोळ्या सुरू करा तुम्हीच म्हणलात, बंद करा तुम्हीच म्हणलात, आता तारखाही तुम्हीच लिहा. बरोबर आहे. तर लिहितो: शेवटची पाळी २८ डिसेंबर.

११ जानेवारी

इथल्या डॉक्टर प्रियदर्शनी यांच्याकडं गेलो. तरुण आहेत, घाई करत नाहीत. त्या म्हणाल्या, गोळ्या बंद केल्यावर चक्र रुळायला काही महिने लागू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फॉलिकची गोळी चालू ठेवायला सांगितली. तीन महिने पाळी आलीच नाही तर पुढच्या तपासण्या करू म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या की तुमचीही एक तपासणी करून घ्या, साधी असते. मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर दीपानं विचारलं, कधी करणार. मी म्हटलं, माझं वाइंडिंग ठीक आहे. ती हसली नाही.

२ फेब्रुवारी

सदतिसावा दिवस. देवणीहून आईचा फोन. साखराबाईच्या तोंडाला लगाम कधीच नव्हता. म्हणाली, आपली देवणी गाय बी वर्साला वेते, तुमच्या दोघांचं काय अडून राहिलंय. फोन स्पीकरवर होता. दीपा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, मग परत चालू झालं. नंतरच्या पोळ्या सगळ्या जाड आल्या.

गंगम्मानं जिन्यात सगळं ऐकलं असावं. तिचाही कान तिखट आहे.

८ फेब्रुवारी

गंगम्मानं दुपारी एकट्याला खाली बोलावलं. देवघराच्या मागून चांदीची एक डबी काढली. आत कापसात एक काळा, सुरकुतलेला तुकडा, बोटाच्या पेराएवढा. वाळलेली नाळ. पोर जन्मल्यावर गळून पडते ती. आमच्याकडंही जुन्या बायका जपून ठेवतात, आणि ज्या बाईला दिवस राहत नाहीत तिला केळ्यात घालून गिळायला देतात, हे लहानपणापासून ऐकलंय. कुणी कबूल करत नाही, पण घराघरात झालेलं असतं.

तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. बाईला कळू द्यायचं न्हाई, कळलं की किळस येते अन् उलटून पडतं. आणि वाटणी करायची न्हाई, एकाच पोटात जाऊ दे.

कुणाची, असं मी विचारलं. माझ्या घरची हाय, परकी न्हाई, म्हणाली. बदल्यात काही नको म्हणाली. इतकी वर्षं बाजारात काढलेल्या माणसानं तिथंच उठायला हवं होतं. पण कानात आईची गाय हंबरत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

चव्वेचाळिसावा दिवस. दिलं.

आंधळेपणानं मात्र दिलं नाही. काय माल आहे ते बायकोच्या पोटात घालण्याआधी आपण चाखून बघावं, एवढी अक्कल मला आहे. अडकित्त्यानं दोन तुकडे केले आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला. आधी लाकडासारखा लागला. मग भिजला. भिजलेलं कातडं, खारट, वर जुन्या तुपाचा खवट वास. जिभेखाली तो हलल्यासारखा वाटला. जीभच हलली असणार. गिळला. तासभर वाट पाहिली, काही झालं नाही. मग दुसरा तुकडा केळ्यात भरून दीपाला दिला.

तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, केळं नासलंय. मोरीत जाऊन सगळं ओकली. थोडं तरी आत राहिलंच असेल.

तिला सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी

बावन्नावा दिवस. पाळी नाही. दीपानं घरीच चाचणी केली, एकच रेघ आली. मी म्हटलं, अजून लवकर असेल. मनातून मात्र खात्री वाटून राहिली.

दोन दिवस मला कच्च्या दुधाचे ढेकर येताहेत. दूध तर मी पीत नाही. स्टेशनसमोरच्या भज्यांचं काम असेल. बेंबीला खाजही सुटलीय, घामानं.

गंगम्मा वर आली, डिंकाचे लाडू घेऊन. ताट माझ्यापुढं ठेवलं. मी दीपाकडं सरकवलं तर गंगम्मानं परत माझ्याकडं ओढलं आणि म्हणाली, ज्याला लागतंय त्यानं खावं. दीपा म्हणाली, खा, नाहीतरी पोट सुटायलाच लागलंय तुमचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज ऐकलं.

दुपारी दीपा आडवी झाली होती. मी तिच्या पोटाला कान लावला, स्वतः अंगाची जुडी करून, गुडघे छातीशी घेऊन. आधी आतड्यांची नेहमीची गुरगुर. मग तिच्या खालून दुसरा आवाज. चुटूक. थांबून परत चुटूक. पोर अंगठा चोखतं तसा. मला रडूच फुटणार होतं. दीपाला म्हटलं, आहे. ती म्हणाली, गॅस आहे, सरका.

पण सरकता सरकता आणखी एक ऐकू आलं. खरखर. दगडावर नख ओढल्यासारखी. मोटारीत खडा अडकला की असा आवाज येतो. पोटात कसला खडा?

१ मार्च

सोनोग्राफी. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडं वळवला. गर्भाशय रिकामं. अस्तर तयार झालंय, पाळी येईलसं दिसतंय, म्हणाल्या. दीपानं मान हलवली, तिला ते आधीच माहीत असल्यासारखी. तिला रिकाम्या पडद्याची भीती नव्हती, मला होती. डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टचं परत विचारलं. मी पडद्याकडं बघत राहिलो.

कारण आवाज येतच होता. दीपा कपडे ठीक करायला पडद्याआड गेली, मशीन बंद केलं, तरी येतच होता. चुटूक. चुटूक.

ढेकर आला. डॉक्टरांनी नाक किंचित आक्रसलं. खोलीभर नासलेल्या दुधाचा वास.

५ मार्च

बेंबीतून पाणी येतंय. राखाडी, चिकट. बनियनला डाग पडतो, वाळला की कडक होतो. बोटानं चोळलं तर रवाळ लागलं. मातीच. चुना मिसळलेली, पडक्या भिंतीची असते तशी.

गंगम्माला गाठून विचारलं, नाळ कुणाची. तिनं लपवलं नाही. तिला किल्लारीकडं दिलं होतं. मुलगा झाला, उमाशंकर. पाच महिन्यांचा असताना भूकंप झाला. घर बसलं. ती बाहेर फेकली गेली, लेकरू आत. दोन दिवस दगडांखालून आवाज येत होता. आधी रडायचं. मग रडायचं थांबलं आणि काहीतरी चोखल्यासारखा आवाज येत राहिला. माणसं म्हणायची, तुला भास व्हायलाय. तिसऱ्या दिवशी दगड हलवले. तोंडात माती गच्च भरलेली.

सांगताना तिचा आवाज कापला नाही. डोळे माझ्या सदऱ्याच्या खालच्या गुंडीवर होते. शेवटी विचारलं, एकाच पोटात दिली ना, बापू.

हाव, म्हटलं. खोटं बोललो असं वाटलं मला.

१० मार्च

दुकानात दोन मोटारी पडून आहेत. ऐकू येत नाहीत. मधे दुसराच आवाज येतो.

आज बेंबीतून केस निघाला. बारीक, जावळाचा. ओढला तर संपेना. वीतभर आला आणि तुटला. टोकाला मऊ, पांढरं काहीतरी होतं. मोरीत ओकलो. ओकारीतही माती.

१४ मार्च

दीपाला पाळी आली. सत्त्याहत्तराव्या दिवशी. डॉक्टर म्हणाल्या तशीच. ती मोरीतून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, तारीख लिहा. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं होतं. पुढच्या वेळी बघू, म्हणाली, पण आधी तुमची तपासणी.

मी तिच्या पोटाला कान लावला. स्वच्छ. आपलं आतडं, आपलं रक्त, नव्या मोटारीसारखं.

आणि आवाज चालूच.

१५ मार्च

दीपा बँकेत. दार लावलं. दुकानातला लांब पेचकस आणला. टोक बेंबीवर टेकवलं, मूठ कानाला लावली.

तिच्या पोटाशी कान नेताना मी दर वेळी स्वतःवर वाकत होतो. एवढं साधं. उभ्या आयुष्यात मोटार ओळखायला चुकलो नाही —

चुटूक थांबलं. त्याला टोक टोचलं असावं. मग आतून पेचकस धरला. धरून चोखायला लागला.

१६ मार्च

दीपाला सगळं सांगितलं. डबी, केळं, अडकित्ता. मला वाटलं ती माझ्या पोटाकडं बघेल. तिनं बघितलंच नाही. एवढंच म्हणाली, तीन वर्षं तुमच्या सांगण्यावरून गोळ्या गिळल्या, त्या निदान मला माहीत असून गिळल्या. मेलेल्या लेकराचं मांस तुम्ही मला केळ्यात घालून चारलंत. मी सदरा वर केला. तिनं तोंडावर पदर दाबला. भीतीनं नाही. किळसेनं. भीती असती तर चाललं असतं.

अकराच्या गाडीनं लातूरला गेली, माहेरी. वहीकडं बोट दाखवून गेली. तारखा आता तुमच्या लिहा.

१८ मार्च

पँटचा हूक लागत नाही. आईचा फोन आला. काही गोड बातमी? हसू आलं आणि हसताना आतून लाथ बसली. दगडासारखी.

गंगम्मा झबलं घेऊन आली. माझ्या सदऱ्यावर धरून माप बघितलं. म्हणाली, बाईच्याच पोटात पाहिजे असं मी कुठं म्हणले होते. एकाच पोटात म्हणले होते. तिनं ओकलं ते बरंच झालं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, पेशंट कोण? ठेवून दिला.

२० मार्च

बेंबीतून टोक आलंय. काळं नाही. ओलं, निळसर, नाडी उडणारं. मीच अडकित्त्यानं कापलेलं टोक. त्याला जोड पाहिजे —

ओढलं. आतून त्यानंही ओढलं. तो जास्त ताकदीचा.

तोंडात माती. दातांत करकर. थुंकतो, परत येते.

२१ मार्च

९ फेब्रुवारीपासून धरले तर आज एकेचाळीस दिवस. नऊ महिने नाही लागणार. तो आधीच पाच महिन्यांचा होता —

दुपार. गंगम्मा जिना चढतेय. पातेल्यात पाणी हिंदकळतंय, गरम, वाफेचाही आवाज येतो मला. प्रत्येक पायरीला तेलुगूत काहीतरी म्हणतेय. अंगाई असावी.

दीपाला फोन लावला. उचलला. ती ऐकत होती. मग माझ्या पोटातून तो रडला, मोठ्यानं, पहिल्यांदा — तिनं ऐकलं, मला माहीत आहे तिनं ऐकलं — आणि तिनं फोन ठेवला.

आता गप्प आहे. चुटूक नाही. खरखर नाही.

गप्प का, ते कळलं. पावलं ओळखतोय. त्याच्या आईची. माझ्यासारखाच तिखट कान — तोही ऐकून रा