दिशाची स्लाइड

मुंबई,
१४ जुलै २०२५

ती. दीपेशदादास,

अंकिताचा नमस्कार. आईचे गुडघे कसे आहेत? लावणी उरकली असेल. मी बरी आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या बिरवाडीच्या खोलीवरच पाठवते. पोलादपूरला घरी पाठवलं तर आई कुणाकडून तरी वाचून घेईल.

लॅबमधलं माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. पेशीतली जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं असतात. त्यांतल्या एकाचा एक भाग शोधणारी अँटिबॉडी आमच्याकडे आहे. ती नेमकी त्यालाच चिकटते आणि तिथे तपकिरी रंग चढतो. एरवी तो भाग केंद्रकाबाहेर असतो. गाठ वाईट जातीची असली की तो केंद्रकात शिरून बसतो आणि केंद्रक तपकिरी दिसतं.

दिशाच्या डोक्यातून काढलेली गाठ आमच्याकडेच आली. स्लाइडवर नाव नसतं, नंबर असतो. मला तिचा नंबर ठाऊक होता. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला दे. मी दिली नाही.

सगळी केंद्रकं तपकिरी. एक स्लाइड आम्ही अँटिबॉडी न घालता ठेवतो, रंग उगाच तर चढला नाही ना, हे कळायला. ती कोरी राहिली. मी सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग हात धुतले आणि डबा खाल्ला. मला रडू आलं नाही, अजून येत नाही. त्याचीच भीती वाटते.

दादा, ही गाठ काढली तरी परत उठणाऱ्या जातीची आहे. किरण दिले तर आशा आहे, आणि तेही लवकर.

डॉक्टर किरणांचं बोलले तेव्हा तू तिला गावी नेलंस. पोर बरी झाली का, म्हणून गोमाजी गुरवाने देवाला पाकळ्या लावून कौल घेतला, उजवी पडली, म्हणजे होकार. तू मला फोनवर म्हणालास, "देव बोलला ना? तिच्यात आता कायच नाय. माझ्या पोरीला भाजायची नाय." त्यानंतर तुझा आवाज ऐकला नाही.

देवाला मी खोटं म्हणत नाही. माझ्या नोकरीचा कौलही तिथेच लागला होता. पुन्हा देवळात जा. पण किरणांसाठी नेऊ का, असं विचारू नकोस. कोणत्या वारी नेऊ, एवढंच विचार. डावी पडली तर पुढचा वार विचार.

सगळेच वार डावे पडले तर मी येते आणि तिला घेऊन जाते. देवाचं काय व्हायचं ते माझ्या माथी.

वहिनीला हे तूच वाचून दाखव. मला जमणार नाही.

दिशाची आत्या,
अंकिता