समाधीवर ठेवलेलं लिंग

प्रिय वीरेश,

पाकिटावर ‘परमपूज्य’ वगैरे सगळं नीट लिहिलंय, काळजी करू नकोस. आत मात्र आजच्यापुरतं ‘तू’. ज्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, त्याला ‘आपण’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

बातमी चांगली नाही. सोमवारी शेतातल्या विहिरीवर आंघोळ करताना अप्पांच्या गळ्यातला दोरा तुटला आणि इष्टलिंग पाण्यात गेलं. दोन दिवस मोटार लावून उपसा केला, गाळ हातानं चाळला, सापडलं नाही. लिंगपूजेशिवाय अन्न नाही हा त्यांचा नेम तुला ठाऊकच आहे. आज चौथा दिवस, पोटात नुसतं पाणी, त्यात शुगर. डॉक्टर माझ्यावरच ओरडले.

नवं लिंग मी लातूरहून आणलं, पण गुरूनं कानात मंत्र सांगून हाती दिल्याशिवाय ते पूजेला चालत नाही. तर अप्पांनी काय करावं? काल ते घेऊन मठात गेले, नेहमीसारखे तुझी गादी टाळून मागच्या दारानं. तू बिलोलीला प्रवचनाला गेला होतास. जुन्या महाराजांच्या समाधीवर लिंग ठेवलं आणि दिवसभर समोर बसून राहिले. संध्याकाळी उठले आणि म्हणाले, “म्हाराज ऐकून राहिलेत गं अंबे, पण बोलून न्हाई राहिले. कानात मंत्र कोन सांगंल?”

मला खरंच नवल वाटतं, आपल्याला गेलेलेच गुरू का बरे वाटतात? ते चुकत नाहीत, म्हातारे होत नाहीत, रागावले तरी फोटोत कळत नाही. जिवंत गुरूला सर्दी होते. शिवाय तू विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग अर्धवट टाकून थेट मठात गेलास, तो दिवस अप्पा विसरलेले नाहीत. तू गादीवर बसलास तेव्हा ते म्हणाले होते, माझा गुरू एकच, तो समाधीत आहे. मीही तेव्हा मान डोलावली होती, कबूल करते.

काल अप्पा समाधीपाशी बसले होते तेव्हा मी मठातल्या धोंडप्पांना विचारलं, जुने महाराज गादीवर आले तेव्हा सगळे लगेच पाया पडले का हो? म्हातारा पोट धरून हसला. म्हणे, तेव्हाही लोक म्हणायचे की आधीचेच खरे. मग एकदम गंभीर होऊन सांगू लागला. महाराजांची आई दीक्षा मागायला आली होती. ती वाकताच महाराज उठून उभे राहिले, तिला पाया पडू दिलं नाही. ती दीक्षेविना तशीच गेली, पुन्हा मठात आली नाही. घरी येऊन मी हे अप्पांना सांगितलं.

आज सकाळी त्यांनी मला हे पत्र लिहायला बसवलं. माझा दीर संगमेश ते तुझ्या हातात देईल. उद्या सकाळी अप्पा येणार आहेत, पुढच्या दारानं, तुझ्याकडून दीक्षा घ्यायला. त्यांना भीती एकच आहे, की मुलगा पाय मागे घेईल आणि त्यांना उपाशीच परतावं लागेल. म्हणून वीरेश, अप्पा वाकतील तेव्हा उठू नकोस. पाय आहेत तिथंच ठेव. रडायचं ते नंतर रड. मी भाकरी बांधून घेऊन बाहेर बसलेली असेन.

उद्यापासून ‘आपण’च म्हणेन.

तुझीच,
अंबिका अक्का