न बघता लिहिलेलं शून्य

अण्णा,

आज एका अधिकाऱ्याला मी खोटं शून्य लिहायला लावलं, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की माझं काम काय हेही तुम्हाला माहीत नाही. दुर्मिळ प्राण्यांची कातडी, नखं, पिसं चोरून विकली जाऊ नयेत म्हणून अनेक देशांनी मिळून एक करार केलाय. आपला देश तो पाळतो की नाही याचा अहवाल दरवर्षी धाडावा लागतो, आणि तो भरणाऱ्या अधिकाऱ्यांना मी शिकवते. तुम्ही म्हणाल, म्हणजे आपल्या ईट गावच्या पावसाच्या वहीसारखंच की. तसंच आहे, अण्णा.

त्या मोठ्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला जायचं आणि तुम्ही सकाळी साडेआठला शाळेच्या आवारातलं पाऊस मोजायचं भांडं उघडून आतली कोरडी बाटली बघायचात. मग वहीत शून्य. महिनोन् महिने शून्य. मास्तर, घरी बसून लिहिलं तरी तेच की, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. पण आपल्या घरात सरकारी वही आलेली ती पहिलीच. आई ती लुगड्यांच्या पेटीत, सगळ्यात वर ठेवायची. मग तुम्हाला ताप चढला. तालुक्याला, भूमच्या दवाखान्यात मी तीन दिवस उशाशी बसून होते, आणि तुमच्या तोंडात वहीच. "आडवी रेघ मार त्या दिसांना. बघितलं न्हाय तर शून्य लिहू नगं, बाई."

कपडे घ्यायला मी बसनं घरी आले, वही उघडली आणि माझा हात थांबला. तीन रेघा म्हणजे तीन गैरहजेऱ्या, वरचे लोक तुम्हाला कामचुकार म्हणतील, असं वाटलं. तुमच्यासारखं अक्षर काढून मी तीन शून्यं लिहिली आणि आल्या पावली परतले. भांडं उघडलं नाही, गावात कुणाला विचारलंसुद्धा नाही. आदल्या रात्री ईटवरून एक सर येऊन गेली होती, सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त आपल्याला नाही. दोन दिवसांनी तुम्हाला घेऊन उतरते तर तालुक्याचा साहेब भांड्यापाशी उभा. बाटलीत बोटभर पाणी, आणि वहीत शून्य. तुम्ही पानाकडे बघता, मग एकदाच माझ्याकडे. "म्याच लिहिलं, साहेब. चुकलं माझं." वही दुसऱ्या मास्तरांकडे गेली. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. फक्त त्यानंतरही रोज साडेआठला त्या भांड्यापाशी जाऊन उभे राहायचात, हात मागे बांधून. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्यात तर मी सुटले असते.

आजचा तो अधिकारी, पोरगाच तो, एका बंदरावर आहे. घोरपडीच्या कातड्यांच्या रकान्यात त्यानं आडवी रेघ मारली होती, कारण तीन महिने तिथं पेट्या उघडून बघायला माणूसच नव्हता. वरून हुकूम आला की चारचौघांत देशाची शोभा नको, रेघ दिसता कामा नये. तो मला म्हणाला, "मॅडम, पेट्या उघडल्याच नाहीत, मग शून्य कसं?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, लिहा. त्यानं लिहिलं. अहवाल पाचला जाणार आहे आणि आता पावणेपाच झालेत. रेघ परत लावू द्या, असं सांगायला आमच्या साहेबांच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन परत आलेय. दार काही ठोठावलं नाही, अण्णा. त्या पेट्यांमधून काय गेलं ते आता कुणालाच कळणार नाही.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक सांगते. प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या तासाला मी एका खेड्यातल्या मास्तरांची गोष्ट सांगते. त्यांनी न बघता शून्य लिहिलं आणि वही घालवली. ते शून्य मी लिहिलं होतं, हे मी आजवर एकदाही सांगितलेलं नाही. आज सकाळच्या तासालाही नाही.