वकीलसाहेबांचं कानातलं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज हे चमच्याला ‘साक्षीदार’ म्हणाले! चहात साखर ढवळायची होती. हात पुढे करून — ‘तो... तो दे. तो... साक्षीदार.’ मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग कोर्टातला आवाज लावला — ‘साक्षीदार हजर करा!’ मी ओट्याकडे तोंड फिरवलं आणि पोट धरून हसले. या घरात इतकं कधी हसले होते, आठवत नाही.

चाळीस वर्षं बोलून बोलून लोकांना घाम फोडला या माणसाने. उरलेलं घरी आणायचा, माझ्यासाठी. ‘मुद्द्याचं बोल.’ ‘हो की नाही, एवढंच सांग.’ आता घ्या! चमचा आठवेना.

चमचा दिला शेवटी. चहा पार गार झाल्यावर.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेक आली होती, आम्हाला बोलण्याचे उपचार करणाऱ्या भाषेच्या बाईंकडे घेऊन गेली. मेंदूच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं, तेव्हापासून हे एकेक सुरू आहे. बाई तरुण, गोड बोलणाऱ्या. ह्यांना चित्रं दाखवली. कुलूप — ‘दाराचं... ते गप्प करायचं.’ छत्री — ‘पाऊस, वर, धर.’ किल्ली आलीच नाही. कपाळावर घाम.

बाई म्हणाल्या, दोन गोष्टी एकत्र आहेत. कानाने नीट पोचत नाही, आणि पोचलं तरी उत्तराचा शब्द सापडत नाही. म्हणून ऐकण्याचं नवं यंत्र रोज कानात घालायचंच. टीव्ही बंद करून समोर बसायचं, एका वेळी एकच वाक्य. ‘आणि आजी, शब्द अडला तर लगेच पुरवू नका. मनात दहा मोजा.’

दहा? मी पन्नास मोजते, बाई! आता तर डॉक्टरी सल्लाच मिळाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

यंत्र आल्यापासून ह्यांना पुन्हा शिंगं फुटलीत.

मी लेकीशी फोनवर बोलत होते. म्हटलं, ‘बाबांच्या खाण्यापिण्याचं मी बघते गं, तू काळजी करू नकोस.’ बैठकीतून आवाज — ‘खोटं!’ मी दचकले. म्हटलं, ‘दुपारी झोपतात जरा.’ — ‘खोटं!’ चमचा नाही, कुलूप नाही, लेकीला परवा ‘बहीण’ म्हणाले. पण ‘खोटं’, ‘चूक’ आणि ‘गप्प’ हे तीन शब्द अगदी जागच्या जागी! बोट घातलं की हाताला लागतात.

लेक तिकडे हसत होती. ‘बघ, बाबांना किती छान ऐकू येतंय!’

छानच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

केलं. लिहून ठेवते म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

यंत्रात एक सेल असतो, शर्टाच्या बटणाहूनही लहान. तो काढला आणि गेल्या आठवड्यातला संपलेला घातला. झाकण टक्कन बसलं. संध्याकाळी यंत्र डबीत ठेवायचं काम माझं. सकाळी ते स्वतः कानात घालतात, आणि माझ्याशिवाय घरात बघायला आहे कोण?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शांतता. काय सुख आहे!

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गंमत केली. भाजी निवडत त्यांच्यासमोर बसले आणि हसऱ्या तोंडाने म्हटलं, ‘तुझ्यासारखा कोडगा माणूस मी पाहिला नाही.’ तुझ्यासारखा! शेहेचाळीस वर्षं ‘अहो’ केलं. पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं आणि जीभ कशी मोकळी झाली. त्यांनी पेपरातून डोकं वर केलं, जरा वेळ बघितलं, पुन्हा पेपरात घातलं.

मग सुटलेच मी. म्हटलं, ‘मुख्याध्यापिका करणार होते मला शाळेत. माझ्या नावाने नकाराचं पत्र तू लिहिलंस. सहीसुद्धा तूच केलीस. एवढा मोठा वकील आणि बायकोची खोटी सही! कोणत्या कलमात बसतं रे ते?’

पेपरचं पान उलटलं नाही बराच वेळ. वाचता तरी येतं का आता, देव जाणे.

७ मार्च, शुक्रवार

रोज तासभर बोलते. औषध घेतल्यासारखं. सासूबाईंच्या आजारपणातलं बोलून झालं. माझा भाऊ दारात आला होता आणि हे त्याला ‘पुढच्या वेळी कळवून येत जा’ म्हणाले होते, तेही झालं. सापडेल ते बाहेर काढते आहे, माळा आवरायला घेतल्यासारखं.

एक जाणवलं. हे आता ‘काय?’ म्हणत नाहीत. पूर्वी प्रत्येक वाक्याला कानाशी हात आणि ‘काय? काय?’ — डोकं उठायचं. ते बंद झालं. हरले असतील. बरं झालं.

१९ मार्च, बुधवार

लेक येऊन गेली. कपाट उघडून म्हणाली, ‘आई, सेलची पाकिटं संपत आली की! बदलतेस ना वेळेवर?’ म्हटलं, ‘बदलते तर!’ मोजायला चुकली असेल. लहानपणापासून धांदरट. मुकाट्याने नवी पाकिटं ठेवून घेतली.

बापाशी बोलायला बसली. तो नुसता बघत राहिला तिच्याकडे. दोनदा ओठ हलले. ‘तू... तू... ती...’ आणि हात खाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासायला उठले.

७ एप्रिल, सोमवार

आज त्याची तारीख.

लेकीच्या पाठचा. अकरा दिवस जगला. बाराव्या दिवशी पहाटे हे त्याला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले, परत आले, आंघोळ केली आणि कोर्टात गेले. कोर्टात! संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाले, ‘या विषयावर या घरात पुन्हा बोलणं नको.’ नाहीच झालं. एकेचाळीस वर्षं.

आज मी बोलले. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, हसणंबिसणं काही नाही. म्हटलं, ‘त्याची बोटं तुझ्यासारखी होती, लांब. तू नीट पाहिलीसुद्धा नाहीस. डाव्या कानाच्या पाळीवर तीळ होता. मी मनात त्याचं नाव ठेवलं होतं.’ आणि नाव उच्चारलं. मोठ्याने. पहिल्यांदा. इथे लिहीत नाही. ‘माझं दूध थांबत नव्हतं आठ दिवस आणि तू मला म्हणालास, रडण्याने काय सिद्ध होतं? तुला मी कधी माफ केलेलं नाही. तू मेलास तरी करणार नाही.’

हे उठले. भिंतीला धरत न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. पाणी वाहतंय, वाहतंय! शेवटी मीच दार ढकलून नळ बंद केला. हे स्टुलावर बसले होते, बाह्या भिजलेल्या. काही कळत नाही आता या माणसाला.

जेवायला नको म्हणाले. मीही नाही जेवले.

९ एप्रिल, बुधवार

सकाळपासून एकच घोशा. ‘अकरा.’ म्हटलं, साडेनऊ वाजलेत. घड्याळ दाखवलं. मान हलवतात. ‘नाही. ते... अकरा. अकरा.’ छातीवर हात थोपटत. म्हटलं, ‘अहो, कोर्ट सुटून दहा वर्षं झाली तुमचं. कुठेही जायचं नाही अकराला.’

माझं मनगट धरलं. घट्ट. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. दहा मोजायचे असतात म्हणे. मी तीनला हात सोडवून घेतला. दूध उतू जात होतं.

२८ एप्रिल, सोमवार

काही नाही. कंटाळा. बोलायलाही फारसं उरलं नाही.

२६ मे, सोमवार

मेंदूच्या डॉक्टरांकडे तपासणी. फार घसरले म्हणाले. मागच्या वेळी तीसपैकी एकोणीस गुण होते, आता बारा. प्रश्न विचारला की नुसते माझ्या तोंडाकडे बघतात. लेक बाहेर बाकावर बसून रडली. ‘आई, तुला एकटीला झेपणार नाही. एक चांगली संस्था आहे, बागबीग आहे. बाबांना तिथे...’

मी ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही नाही.

किती दिवस मनात मांडे खात होते — एकटी मी, उघड्या खिडक्या, दोन खोल्या. आणि आज रिक्षात ते माझा पदर मुठीत धरून बसले होते, चार वर्षांच्या पोरासारखे. झटकून टाकावा असं वाटलं. टाकला नाही.

बारा. त्यातले माझ्यामुळे किती गेले?

२ जून, सोमवार

सेल बदलावा का? हातात डबी घेतली होती. ठेवून दिली. आता बदलून काय उपयोग! आणि पुन्हा ‘खोटं’ ऐकायचं? नको.

मी वाईट बाई आहे का? असेन. कुणी केली तशी?

१० जून, मंगळवार

लेकीचा फोन. संस्थेत नाव घालण्याआधी कान आणि यंत्र तपासून आणा, असं भाषेच्या बाईंनी सांगितलंय. ऐकू येत नसेल तर मेंदूची परीक्षा खरी धरायची नाही म्हणे. परवा जायचं. आणि अगदी सहज म्हणाली, ‘किती बरं आहे ना आई, त्या यंत्रात नोंद राहते. कुठल्या दिवशी किती तास चालू होतं ते सगळं दिसतं.’

फोन ठेवला आणि बोटांवर महिने मोजले.

चार महिने. शून्य, शून्य, शून्य. लेकीसमोर!

११ जून, बुधवार

आज नवा सेल घातला. एका दिवसाने काय होणार? चोर चोरी करून दिवा लावून जातो तसं.

काय सांगू? विसरले म्हणू? मलाही झालंय म्हणू? आरशासमोर बोलून पाहिलं — ‘अगं, मला वाटलं सेल महिनोन्महिने चालतो.’ इतकं खोटं दिसलं की मीच मान वळवली. सांगून टाकावं. तुझ्या बापाला मी बहिरं करून ठेवलं होतं, म्हणावं. ती माझं तोंड पाहायची नाही पुन्हा.

हे दारात उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक.

१२ जून, गुरुवार

यंत्रवाल्याने यंत्र संगणकाला जोडलं. पडद्यावर हिरव्या काड्याच काड्या. म्हणाला, ‘काका, शाबास! रोजचे सरासरी साडेदहा तास, एका दिवसाचा खंड नाही. सेल कोण बदलतं?’

ह्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून सेलचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

लेक आनंदाने टाळ्या वाजवत होती. मी पडद्यावर सात एप्रिल शोधली. त्या दिवसाची काडी सगळ्यांत उंच.