फणीतलं लाल भात

मी, झुबेदा खैरुद्दीन धनसे, वय एकसष्ट, राहणार डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, मूळची म्हसळा तालुक्यातली, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोकं शाबूत आहे. माझी मुलगी फिरदोस हिचं मत वेगळं आहे, ते तिने स्वतःच्या कागदावर लिहावं.

कलम १. गावचं घर शरियतप्रमाणे वारसांना जाईल. माझी मर्जी फक्त एक तृतीयांशावर चालते. तेवढ्यातून गावच्या बायकांच्या शेतीगटासाठी खारजमिनीचा बांध दुरुस्त करावा. शिलाई मशीनही गटाला. नणंद हाफिजाला चमचासुद्धा देऊ नये.

कलम २. फ्रिजमधला निळा डबा गटाच्या रशीदाच्या हातात द्यावा. त्यात आमच्या लाल भाताचं बियाणं आहे. समुद्राचं पाणी शिरलेल्या शेतात तेवढंच तगतं. २००७ साली गटाच्या मरियमबीने ते बियाणं माझ्याकडे सोपवलं. "इथलं बुडालं तर तुझ्याकडे असू दे गो." नेलेलं बियाणं दीडपट परत करायचं, ही आमची रीत.

२००९च्या फेब्रुवारीत मी ते शिजवलं. मंदीत खैरुद्दीनची नोकरी गेली होती आणि हाफिजाचं बिऱ्हाड कायमचं गावी निघालं होतं. निरोपाच्या जेवणाला ती सगळ्यांदेखत म्हणाली, "भाभी, भातसुद्धा नाही? खलास?" मला ते झोंबलं. मिक्सरमध्ये तूस काढलं आणि पातेलं चढवलं. सगळे पोटभर जेवले.

त्याच पावसाळ्यात गावचा बांध फुटला. मरियमबीने फोनवर डबा मागितला. मी म्हटलं, "कीड लागली." महिन्याभरात ती गेली. त्या बायकांची शेतं अजून पडीक आहेत आणि ते पाप माझं आहे.

कलम ३. तेव्हापासून दर जूनला केस विंचरताना माझ्या फणीतून भाताचे दाणे पडतात, तुसासकट. दहा दाणे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात ठेवले. दहाही उगवले. डब्यात साठवलंय ते हेच.

हाफिजाला विचारलं, "तुझ्या केसांतून काही पडतं का?" तिने फोन ठेवला. दोन वर्षांपूर्वी खैरुद्दीनला शेवटची आंघोळ घालणाऱ्या अजीजभाईंनी रुमालाची पुरचुंडी आणून दिली. "भाभी, मय्यतीखाली हे सांडलं होतं." आत मूठभर भात होतं.

कलम ४. दीडपट व्हायला अजून मूठभर कमी आहे. मला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, देताना खाली पांढरं कापड अंथरावं. जे पडेल ते डब्यात घालावं. कुणी ओरडू नये.

कलम ५. फिरदोस, तू म्हणतेस, "मम्मी, इट्स जस्ट राइस." त्या निरोपाच्या जेवणात तूही माझ्या ताटातले दोन घास खाल्ले होतेस. परवा तू राहून गेलीस, तेव्हा तुझ्या उशीच्या अभ्र्यात मला दोन दाणे सापडले. तुला सांगितलं नाही. डबा गावी तू स्वतः ने.

लिहून देणार : झुबेदा खैरुद्दीन धनसे (सही)
साक्षीदार : १. अजीज परकार (सही) २. मंजुषा टिपणीस, शेजारीण (सही)
दुबई, ९ जून २०१५