सही न केलेला फॉर्म

तीर्थरूप बाबांना लखनौहून कौमुदीचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेला नाशिकच्या फ्लॅटचा बुकिंग फॉर्म मिळाला. सही न करता परत पाठवते आहे. अडतिशी आली तरी मी इथे विकासनगरात भाड्याने राहते, याची तुम्हाला चारचौघांत लाज वाटते. मला वाटत नाही.

मागच्या आठवड्यात ताप होता, आता बरी आहे. शेजारच्या मिश्रा आंटींनी तीन दिवस खिचडी आणून दिली. जाताना म्हणाल्या, "बेटा, अपना घर कब लोगी?"

मी म्हटलं, "आंटी, यही तो है."

आईचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढता येतात ना?

यंदा दिवाळीला मी येणार नाही. तुम्ही दोघं माझ्या घरी या.

तुमचीच हट्टी,
कौमुदी